जुन्या वस्त्राची अडत

पौष-माघातल्या एखाद्या पहाटे मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी जे उभे राहिले असतील, त्यांच्या परिचयाचे एक दृश्य आहे. ताडोब्याच्या जंगलात शिरण्यासाठी उघड्या जिप्सी रांगेला लागलेल्या असतात, इरई जलाशयावरून येणारा वारा हाडांपर्यंत पोचत असतो, आणि चंद्रपूर म्हणजे उन्हाची भट्टी एवढीच कल्पना मनाशी धरून आलेली पाहुणे मंडळी पातळ सुती सदऱ्यांत हात काखेत दाबून बसलेली असतात. अशाच एका सकाळी एका वृद्ध गृहस्थांना कुडकुडताना पाहून गाडीच्या चालकाने आपल्या अंगातले जाकीट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकले. फेरी संपल्यावर ते परत करताना गृहस्थांनी, हे मला विकत द्याल का, काय घ्याल, असे मोकळेपणाने विचारले, तेव्हा तो तरुण ओशाळला आणि "साहेब, जुनं आहे, याची काय किंमत!" एवढेच म्हणाला. त्या जाकिटाची चेन शाबूत होती, अस्तर अखंड होते, कोपरांवरचे कापड विरलेले नव्हते. त्याला किंमत निश्चित होती. ती ठरवण्याची आणि संकोच न बाळगता सांगण्याची रीत तेवढी आपल्या अंगवळणी पडलेली नाही. त्या रीतीविषयी, म्हणजे वापरलेले कपडे दुकानात विक्रीस ठेवणे आणि तेथून विकत घेणे याविषयी, माझ्या जंगलमुलखातील वाचकांना काही सांगावे, असे त्या दिवसापासून मनात होते.

बोहारणीचा व्यवहार आणि अडतीचा व्यवहार

जुन्या कपड्यांचा व्यापार आपणांस नवा नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे. तिला जुनी लुगडी, सदरे, धोतरे द्यावी आणि त्यांच्या बदल्यात पातेले, डबा किंवा ताटली घ्यावी, हा विनिमय आपल्या घरांतून पैशाविना चालत आला. माझ्या आईने करवती काठाचे एक कोशाचे पातळ अशाच व्यवहारात एका मोठ्या पातेल्यावर दिले. ते पातेले आजही घरात वापरात आहे. पण त्या पातळाचे मोल काय होते, हे आम्हांस कधीच कळले नाही. यात त्या बोहारणीचा दोष मुळीच नाही. उन्हातान्हात पायपीट करणारी, न खपणाऱ्या मालाचे नुकसान स्वतः सोसणारी आणि कपडे निवडून, धुऊन, सांधून पुन्हा वापरात आणणारी ती कष्टाळू व्यापारी असते. उणीव त्या व्यवहाराच्या रीतीतच आहे, कारण देणाऱ्याला आपल्या वस्तूची किंमत तेथे कळत नाही आणि ती वस्तू पुढे कोणाच्या अंगावर गेली हेही कळत नाही.

याहून वेगळी रीत आपल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे, ती अडतीची. माल शेतकऱ्याचा, जागा आणि गिऱ्हाईक अडत्याचे. विक्री झाली की अडत्या आपली अडत कापून बाकी रकमेची हिशेबपट्टी मालकाच्या हाती देत असे. वापरलेल्या कपड्यांची जी दुकाने पाश्चात्त्य देशांत गावोगाव आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही दिसू लागली आहेत, त्यांतील एक प्रकार नेमका याच तत्त्वावर चालतो. तुम्ही कपडा दुकानात ठेवता, पण विकत नाही. तो विकला जाईपर्यंत मालकी तुमची असते आणि दुकानदाराकडे तो केवळ अमानत म्हणून असतो. धर्मादाय दुकानाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत बोस्टन शहरी १९०२ साली सुरू झालेल्या गुडविल संस्थेच्या दुकानांत कपडे दान म्हणून येतात आणि विक्रीचे उत्पन्न संस्थेच्या कार्यास लागते. दान करावयाचे की अडतीवर ठेवावयाचे, याचा निर्णय कपडा घराबाहेर काढण्यापूर्वीच करावा. दोहोंची गल्लत झाली की देणाऱ्याच्या मनात पुढे विनाकारण किल्मिष राहते.

अमानतीच्या या नात्याला कायद्याचाही आधार आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाच्या प्रकरणात, म्हणजे कलम १४८ पासून पुढे, असे सांगितले आहे की, दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने सर्वसाधारण विवेकी मनुष्य आपल्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्या वस्तूची घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेऊनही वस्तू हरवली किंवा नासली, तर विशेष करार नसल्यास त्याच्यावर जबाबदारी येत नाही, हेही तोच कायदा सांगतो. यातील व्यावहारिक बोध ध्यानी घ्यावा. आग, चोरी, उंदीर, पावसाची गळती यांपैकी कशाची भरपाई दुकानदार देईल आणि कशाची देणार नाही, हे कपडा ठेवतानाच कागदावर लिहून घेतलेले बरे; मागाहून बोलण्यात अर्थ नसतो.

विक्रीस काय ठेवावे आणि कसे ठेवावे

आपल्या पेटीतील प्रत्येक कपडा विक्रीयोग्य नसतो. ज्याचे आयुष्य निम्म्याहून अधिक शिल्लक आहे, आणि जो आपण स्वतः दुसऱ्याच्या घरी नेसून किंवा घालून जाऊ, तोच अडतीवर ठेवावा, एवढी एक कसोटी पुरेशी आहे. मोहर्लीसारख्या गावी गिऱ्हाईक कोण, याचाही विचार हवा. हिवाळ्यात दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला लोकरी स्वेटर, कानटोपी, जाकीट लागते. मार्चनंतर त्यालाच पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी हवी असते. मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसांना काट्याकुट्यांत टिकेल असा जाड कापडाचा सदरा आणि विजार उपयोगी पडते. आणि वाढत्या मुलांच्या घरी तर वर्षभर कपड्यांची गरज असते. या गरजांत बसणारा माल लवकर उठतो. लग्नसराईतील भरजरी शेरवानी किंवा मखमली झगा येथे महिनोन्‌महिने टांगून राहील. तो चंद्रपूर-नागपुरास ठेवावा.

निवडलेला कपडा धुऊन पूर्ण वाळवून, इस्तरी करून द्यावा. खिसे उलटे करून पाहावे. जुनी चिठ्ठी, तिकीट, औषधाची पुडी असे काही ना काही त्यांत सापडतेच. सुटलेली गुंडी बसवावी, उसवलेली शिवण घालून घ्यावी, लहान छिद्र असल्यास रफू करावे. पण रफू लपवू नये. कपड्याच्या चिठ्ठीवर "डाव्या बाहीस रफू आहे", "कॉलरीचा रंग किंचित विटला आहे" असा दोष विक्रेत्याने आपण होऊन लिहावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. परंतु कायद्याच्याही आधी विश्वासाचा प्रश्न येतो. दोष आधी सांगितला की तो किमतीत वळता होतो. मागाहून उघडकीस आला, तर एका कपड्याची विक्री रद्द होऊन भागत नाही. त्या मांडणीवरील साऱ्याच मालाकडे गिऱ्हाईक संशयाने पाहू लागते.

कोशाच्या वस्त्राविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण नागभीड, आरमोरी आणि पलीकडे भंडाऱ्याचा मुलूख ही टसर रेशमाची, म्हणजे आपल्या कोशाची, जुनी भूमी आहे आणि येथील कित्येक घरांच्या पेट्यांत आजीची पातळे अजून जपलेली आहेत. करवतीच्या दात्यांसारखा काठ हे त्यांतील उत्तम विणीचे लक्षण. तो विणताना काठांचे आणि अंगाचे धागे वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवले जातात, म्हणून त्या दात्यांचा नमुना उलट बाजूनेही स्वच्छ उमटलेला असतो. असे पातळ विक्रीस काढण्यापूर्वी ते खिडकीपाशी उजेडात धरून घडीच्या रेघा तपासाव्या. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या रेघेवरच चिरते, आणि ही चीर पातळ घडीत असताना दिसत नाही. खरे रेशीम ओळखण्यासाठी पदराच्या टोकाचा एकच धागा काढून जाळून पाहावा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि त्याची राख बोटांत चुरडली जाते, उलट नायलॉनसारखा कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. नवे वस्त्र असेल तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून चालू असलेली सिल्क मार्कची चिठ्ठी जपून ठेवावी. पुढे विकताना ती साक्षीदाराचे काम करते. जुन्या पातळाचा काठ खऱ्या चांदीच्या जरीचा असल्याची शंका असेल, तर ते अडतीवर ठेवण्यापूर्वी जाणत्या सराफास दाखवावे. केवळ कापड समजून ते देऊन टाकणे म्हणजे घरातले धन न मोजता हातावेगळे करणे होय.

वर्दीसंबंधी एक ताकीद येथेच देतो. वनखाते, पोलीस किंवा अन्य कोणत्याही सरकारी सेवेची वर्दी, तसेच मार्गदर्शकाचा गणवेश, त्याची पदचिन्हे आणि नावाची पट्टी यांपैकी काहीही विक्रीस ठेवू नये. लष्करी छापाचे कपडे तर गडचिरोलीच्या बाजूस राहणाऱ्याने विकूही नयेत आणि विकतही घेऊ नयेत. सैनिक नसताना सैनिक वाटावे या हेतूने तसा पोशाख करणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्या जंगलात बंदुका चाललेल्या आहेत, तेथे अशा पोशाखाने दुरून होणारा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

करारनामा आणि हिशेब

"भीड भिकेची बहीण" ही म्हण अडतीच्या दुकानाच्या दारावर लिहून ठेवण्याजोगी आहे. दुकान शेजारणीचे असो की नात्यातल्या माणसाचे, पावती मागण्यात कमीपणा नाही. पावतीवर कपड्याचे वर्णन, त्यातील दोष, ठरलेली विक्रीकिंमत, अडतीचे प्रमाण, मुदत, मुदतीअंती न विकलेल्या मालाचे काय करावयाचे आणि पैसे कोणत्या दिवशी द्यावयाचे, या सात बाबी असाव्या, आणि तिच्या दोन प्रतींवर दोघांच्याही सह्या असाव्या.

किंमत ठरवताना माझा ठोकताळा असा : नीट वापरलेल्या कपड्यास नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास धरावे, क्वचित वापरलेल्यास निम्म्यापर्यंत जावे, आणि मूळ किंमत किती मोजली होती ही आठवण बाजूस ठेवून, तसाच नवा कपडा आज कितीला मिळतो, हे प्रमाण मानावे. समजा, एका जाकिटाची किंमत ६०० रुपये ठरली आणि अडत एक तृतीयांश ठरली. ते पहिल्या ३० दिवसांत विकले गेले तर दुकानास २०० आणि मालकास ४०० रुपये मिळतील. न विकल्यास पुढील ३० दिवस किमतीत २० टक्के सूट द्यावी. किंमत ४८० होईल, मालकास ३२० मिळतील. त्यानंतरच्या ३० दिवसांत निम्म्या किमतीस, म्हणजे ३०० रुपयांस, विकावे आणि मालकाने २०० घ्यावे. एकंदर ९० दिवसांनंतरही कपडा राहिला, तर ठराविक तारखेच्या आत मालकाने तो परत न्यावा, नाहीतर दान करण्याची लेखी मुभा द्यावी. किंमत उतरवण्याचा हा क्रम आधीच ठरलेला असला की, न विचारता स्वस्तात विकले, असे म्हणण्याची पाळी कोणावर येत नाही. एक तृतीयांश अडत काहींना जड वाटेल. परंतु जागेचे भाडे, दिवाबत्ती, राखण आणि दिवसभर दुकानात बसणाऱ्या बाईची मजुरी त्यातूनच निघावयाची असते, हेही मनात आणावे.

विकत घेणाऱ्याने काय पाहावे

गिऱ्हाइकाने घाई करू नये. जाकीट हाती घेतले की प्रथम चेन पूर्ण वरखाली तीन वेळा ओढावी. चेन बदलण्याचा खर्च पुष्कळदा जुन्या जाकिटाच्या किमतीशी बरोबरी करतो. मग बाह्या उलट्या करून काखेतील शिवण आणि अस्तर पाहावे, कारण घामाने कापड प्रथम तेथेच कुजते. कॉलरीची घडी आणि मनगटाची पट्टी यांवरून बोट फिरवावे. तेथे कापड खडबडीत किंवा झिरझिरीत लागले, तर बाकी भाग कितीही नवा दिसो, त्याचे दिवस थोडे उरले आहेत असे समजावे. विजारीची बैठक आणि गुडघे उजेडासमोर धरावे. पोलके किंवा मुलांचा सदरा घेताना शिवणीच्या आत माया किती सोडली आहे ते अवश्य पाहावे. दोन बोटे माया असलेला सदरा उसवून पुढील वर्षीही मुलाच्या अंगाला होतो, आणि माया कापून टाकलेला सदरा तेवढ्याच पैशांत एका वर्षाचा ठरतो. शेवटी कपडा नाकाशी न्यावा. कुबट वास दोन धुण्यांत जातो, पण बुरशीचे काळे ठिपके सहसा जात नाहीत.

जंगलात वापरण्यासाठी घ्यावयाचे असेल तर मातकट, खाकी किंवा सुक्या पानाचा रंग निवडावा. भडक लाल-पिवळा किंवा शुभ्र पांढरा टाळावा. गठ्ठ्याने कपडे घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याने बंद गठ्ठा कधीही उचलू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची हे विकणाऱ्याच्या सोयीचे तत्त्व आहे. परदेशातील वापरलेले कपडे देशात आणून विकण्यावर सरकारी निर्बंध आहेत आणि त्यासाठी परवाना लागतो, हेही अशा व्यापाऱ्याने ध्यानात ठेवून मालाचे बिल मागून घ्यावे.

दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा घेताना रोगाची शंका मनात येणे स्वाभाविक आहे आणि तिचे निवारण सोपे आहे. खरजेचा कीटक माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून अधिक सहसा जगत नाही. म्हणून आणलेला कपडा आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून निराळा ठेवावा आणि मग सोसेल त्या कापडाला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात, उलट-सुलट करून, वाळवावा. लोकर आणि कोसा यांना कढत पाणी सोसत नाही. ते थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुऊन सावलीतच वाळवावे. आतले कपडे मात्र कोणीही वापरलेले घेऊ नयेत आणि दुकानानेही ठेवू नयेत.

मोहर्लीत असे दुकान कसे चालेल

हे काम महिलांच्या बचत गटाने अंगावर घ्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण वस्त्राची पारख, शिवणकाम आणि हिशेबाची वही या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी आधीच आहेत. प्रारंभी एक खोली, एक आरसा, दोन आडव्या दांड्या, हँगर आणि एक शिवणयंत्र एवढे पुरते. वेळापत्रक जंगलाच्या वेळापत्रकाशी जुळवावे. मंगळवारी ताडोब्याच्या जंगलाचा गाभा पर्यटकांना बंद असतो, तेव्हा त्या दिवशी माल मोजावा, चिठ्ठ्या बदलाव्या आणि मालकांचे पैसे चुकते करावे. १ ऑक्टोबरला गाभा पुन्हा उघडतो, म्हणून लोकरी माल त्यापूर्वीच गोळा व्हावा. आणि १ जुलैपासून तीन महिने पर्यटन थंडावते, तेव्हा दमट हवेत लोकर टांगून ठेवण्यापेक्षा ती जूनमध्येच मालकांस परत करावी. उरलेल्या मालात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि पेट्या भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवाव्या. वहीत प्रत्येक कपड्याला क्रमांक द्यावा. तोच क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर असावा. मालकाची रक्कम आणि गटाची अडत यांचे रकाने निराळे असावे, आणि मालकाच्या रकमेला गटाच्या खर्चासाठी एक दिवसही हात लावू नये. ती अमानत आहे, आणि अमानतीत खयानत झाली की दुकान बुडाले म्हणून समजावे.

परतीच्या वाटेवरील पाहुण्यांसाठीही दुकानात एक जागा राखावी. दोन दिवसांकरिता घेतलेले जाकीट त्यांना जाताना पुन्हा अडतीवर ठेवता येईल आणि पैसे त्यांच्या खात्यात मागाहून जमा करता येतील. एकच जाकीट एका हिवाळ्यात चार-पाच जणांची थंडी भागवील आणि प्रत्येक वेळी गटास अडत मिळेल.

जे विकले जात नाही त्याविषयी

विक्रीस अयोग्य असा कपडा गरिबाला देऊन टाकावा, ही समजूत सोडून द्यावी. १९९९ पासून काम करणारी गूंज ही संस्था कपड्याकडे गावकऱ्यांनी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून पाहते, आणि त्या दृष्टीत घेणाऱ्याचा मान राखला जातो. आपण नेसणार नाही असे फाटके लुगडे दुसऱ्याच्या दारात नेणे यात दान नाही, केवळ आपली अडगळ हलवणे आहे. मऊ झालेल्या सुती लुगड्यांची गोधडी शिवावी, जाड कापडाच्या पिशव्या कराव्या, आणि अगदी जीर्ण झालेल्याचे पुसणे करावे. वस्त्राच्या प्रत्येक अवस्थेला आपल्या घरात एक काम होते. अडतीचे दुकान त्या साखळीतील एक कडी आहे, आणि तिची जागा गोधडीच्या बरीच अलीकडे आहे.

तेव्हा आज सायंकाळी पेटी उघडून एकच कपडा बाहेर काढावा. तो दिव्यासमोर धरावा, चेन ओढून पाहावी, काख उलटून पाहावी. मग एका कागदावर त्याचे गुण, त्याचे दोष आणि त्याची किंमत अशा तीन ओळी लिहाव्या. मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी तो चालक ओशाळला, तेव्हा त्याच्यापाशी तेवढाच कागद नव्हता.